एका हाताचा पंच

क्रिकेटच्या खेळात नाव होते ते फलंदाजाचे आणि गोलंदाजाचे. पांढरा डगला घालून दिवसभर उभ्या राहणाऱ्या पंचाकडे लोकांचे लक्ष जाते ते बहुधा त्याचा निर्णय न रुचल्यावरच. तरीही फ्रँक चेस्टरने याच कामात कीर्ती मिळविली.

फ्रँकचा जन्म १८९५ साली इंग्लंडमधील बुशी या गावी झाला. सतराव्या वर्षीच तो वूस्टरशायर संघाचा वेतनी खेळाडू बनला. १९१४ साली एसेक्सविरुद्ध त्याने नाबाद १७८ धावा काढल्या व एसेक्सचा कर्णधार डग्लस याच्या गोलंदाजीवर चार षटकार मारले. हा मुलगा पुढे इंग्लंडकडून खेळणार, असे जाणकारांना वाटू लागले. तोच पहिले महायुद्ध पेटले. १९१७ साली सॅलोनिकाच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि त्याचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. फलंदाजी तो डावखुरी करी. पण चेंडू टाकीत असे तो याच हाताने. बाविसाव्या वर्षी त्याचे खेळणे संपले.

१९२२ साली तो पंच म्हणून मैदानावर परतला. पहिलाच सामना एसेक्स व सॉमरसेट यांचा होता. दैवयोग असा, की तोच डग्लस आता त्याच्यापुढे फलंदाज म्हणून उभा होता. फ्रँकने त्याला पायचीत ठरविले आणि सॉमरसेटच्या कर्णधारालाही यष्टिचीत दिले. त्या काळी पंचांची नेमणूक कर्णधारांच्याच मतावर अवलंबून असे. तेव्हा कर्णधारांना बाद देशील तर पोटावर पाय येईल, असे एका वृद्ध सहकाऱ्याने त्याला बजावले. फ्रँकने आपली रीत सोडली नाही.

गोलंदाज धावत आला, की तो यष्टींच्या मागे कमरेत खाली वाकून नजर चेंडूच्या उंचीवर आणी. षटकातील चेंडू मोजण्यासाठी त्याने आईच्या बागेतील सहा खडे वेचून ठेवले होते. १९२४ ते १९५५ या काळात तो ४८ कसोटी सामन्यांत पंच होता. १९३२ साली नागपूरच्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली भारत लॉर्ड्सवर आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हाही पंच चेस्टरच होता. ब्रॅडमनने त्याला सर्वश्रेष्ठ पंच मानले. उतारवयात मात्र पोटातील व्रणांनी तो त्रासला, स्वभाव तापट झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंशी त्याचे खटके उडू लागले.

१९५५ साली तो निवृत्त झाला व १९५७ साली बुशी येथेच वारला. त्याच्या ४८ सामन्यांचा विक्रम १९९२ साली डिकी बर्ड या इंग्रज पंचाने मोडला.