डॉक्टर भाऊ दाजी

मुंबई बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या माहीमहून पूर्वेकडे निघावे आणि रेल्वेचे रूळ ओलांडावे, म्हणजे माटुंगा लागते. तेथील एका रस्त्याला भाऊ दाजी यांचे नाव आहे. तसेच पुढे वडाळ्याकडे गेले, की कुष्ठरोग्यांसाठी 1890 साली स्थापन झालेले ॲकवर्थ रुग्णालय दिसते. ज्या काळी कुष्ठरोगी दिसला की लोक वाट बदलीत, त्या काळी भाऊंनी त्याला जवळ बसवून तपासले व औषध दिले.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातील पेडणे भागातले मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. घरची स्थिती गरिबीची होती. वडिलांनी त्यांना लहानपणीच मुंबईस आणले. बालवयातच ते बुद्धिबळ असे खेळत, की मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले आणि मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे त्यांनी वडिलांना सुचविले. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिकून भाऊ तेथेच अध्यापन करू लागले. चांगली नोकरी हाती होती; परंतु 1845 साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उघडले, तेव्हा ती सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले.

हा निश्चय सोपा नव्हता. शवाला शिवणे हा त्या वेळी मोठा विटाळ मानला जाई, आणि येथे तर शरीरशास्त्र शिकण्यासाठी शवविच्छेदन करावे लागे. मेंदूच्या तळातून मज्जातंतूंच्या जोड्या निघतात. 1664 साली विलिस या इंग्रज वैद्याने त्या नऊ मोजल्या होत्या, तर 1778 साली सोमरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने बारा मोजल्या. आज बाराचीच मोजणी मान्य आहे. पहिली जोडी वास आणून देते, दुसरी दृष्टी आणि आठवी ऐकणे व शरीराचा तोल. दहावी तर मानेतून खाली उतरून हृदय व जठर यांपर्यंत पोहोचते. चेहऱ्याच्या बाबतीत दोन जोड्यांनी काम वाटून घेतले आहे. स्पर्श, वेदना, ऊन-थंडी ही जाणीव पाचवीकडे असते. हसणे, कपाळाला आठ्या घालणे, पापणी मिटणे ही हालचाल सातवीकडे असते. डोळ्यात धुळीचा कण गेला, तर पाचवी मेंदूला कळविते आणि सातवी पापणी मिटविते. एवढे सारे निमिषात घडते.

1851 साली महाविद्यालयाची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. तीत भाऊ होते. बंधू डॉक्टर नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. थोड्याच वर्षांत मुंबईत त्यांचे नाव झाले. पण त्यांचे मन गुंतले ते कुष्ठरोगात.

हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, अशी समजूत होती. वास्तविक तो त्वचेचा आणि मज्जातंतूंचा रोग आहे. अंगावर फिकट चट्टा उठतो व तेथे टोचले तरी कळत नाही. कातडीलगतच्या थंड भागांतील तंतू सुजून जाड होतात. गालाच्या हाडावरून डोळ्याकडे जाणारी सातव्या तंतूची शाखा बिघडली, की पापणी मिटत नाही. पाचवाही बिघडला, की डोळ्यात गेलेली धूळ जाणवत नाही. उघडा व बधिर डोळा मग हळूहळू जखमी होतो, आणि रोगी आंधळा होतो. बोटे झडतात तीही मुख्यतः याच कारणाने. चटका बसला तरी हात मागे घेतला जात नाही.

भाऊ संस्कृतचे जाणकार होते. जुन्या वैद्यकातील औषधी ते केवळ जुन्या म्हणून स्वीकारीत नसत, तशाच टाकूनही देत नसत, वापरून पारखीत. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. तेच सह्याद्रीच्या रानांत आढळणारे कडू कवठ होय. या बियांचा भाऊंनी रोग्यांवर उपयोग केला. अनेकांना उतार पडला, आणि या उपचाराचा मोठा बोलबाला झाला.

इतर कामेही काही कमी नव्हती. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले. आर्यभट, वराहमिहिर यांच्या काळासंबंधीचा त्यांचा निबंध 1865 साली प्रसिद्ध झाला. मुलींच्या शाळांसाठी ते झटले, भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी निधी जमविला, 1869 व 1871 या साली ते मुंबईचे शेरीफ झाले. मध्यंतरी 1865 साली शेअरबाजार कोसळला, त्यात त्यांची बहुतेक संपत्ती गेली.

मात्र एक गोष्ट राहून गेली. शिलालेखातील एकेक अक्षर तपासून छापणाऱ्या या विद्वानाने आपले औषध गुप्त ठेवले, आणि किती रोग्यांना ते दिले, कोणाला गुण आला, कोणाला आला नाही, याचा वृत्तान्त छापून वैद्यांच्या हाती दिला नाही. त्यांच्या इतर थोरवीने ही उणीव झाकली जात नाही. त्याच शहरात हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे डॉक्टर होते. 1858 साली लंडनमध्ये निघालेल्या ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीरशास्त्रातील आकृत्या, मेंदूच्या तंतूंच्या आकृत्यांसह, त्यांनीच काढलेल्या. ग्रंथ निघाला त्याच वर्षी ते मुंबईस येऊन ग्रँट महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवू लागले. कुष्ठरोगाने तंतूंचे काय होते हे त्यांनी पाहिले आणि 1874 साली ग्रंथरूपाने सर्वांपुढे मांडले. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्वेत हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता.

हे सर्व पारखून आपली नोंद पुरी करण्यास भाऊंना अवधी मिळाला नाही. 31 मे 1874 रोजी ते निवर्तले. त्यांचे औषध कडू कवठाचे होते, हे पुढे लोकांना कळले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच कुळातील झाडांचे तेल जगभर कुष्ठरोगावर वापरले जाई. ते पोटात घेणे जड जाई, टोचून घेणे वेदनादायक होई, आणि रोग पुरता जाईच असे नाही. 1940 नंतर सल्फोन औषधे आली आणि 1981 पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. तिने रोग बरा होतो. मात्र फार दिवस दुखावलेला तंतू औषधाने पूर्ववत होतोच असे नाही. म्हणून आजही डॉक्टर कुष्ठरोग्याला डोळे घट्ट मिटून दाखवावयास सांगतात.

भायखळ्याच्या त्या वस्तुसंग्रहालयाला 1975 साली भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.