डॉ. आलॉइस अल्झायमर : शिष्य घडवणारे डॉक्टर



घरातील वडीलधारी माणसे नातवंडांची नावे विसरू लागली, की वयोमानाने होते असे म्हणून आपण ते सोडून देतो. हा विसर मेंदूचा आजार असू शकतो, हे दाखवणारे डॉ. आलॉइस अल्झायमर १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्कटब्राइट गावी, कॅथोलिक कुटुंबात जन्मले.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या आउगुस्ट डेटर त्यांच्याकडे आल्या. त्यांना स्वतःचे नावही नीट लिहिता येत नसे. १९०६ साली त्या वारल्यावर अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू म्युनिकला मागवून तपासला आणि त्याच वर्षी निष्कर्ष डॉक्टरांच्या सभेत मांडले. तिथे कोणी फारशी दखल घेतली नाही.

पण म्युनिकच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण त्यांच्याभोवती जमले होते. अल्झायमर तेथे काही वर्षे बिनपगारी राबले. प्रत्येकाजवळ बसून ते सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकवत. त्या नादात सिगार तिथेच विसरत, असे सांगतात. इटलीच्या पेरुसिनी यांनी गुरूंच्या सांगण्यावरून डेटर यांच्यासह चार रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. लेवी यांनी १९१२ साली वर्णिलेले मेंदूतील कण आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. गुलामाचे नातू असलेले सॉलोमन फुलर यांनी ही विद्या अमेरिकेत नेली व तेथे इतरांना शिकवले.

१९ डिसेंबर १९१५ रोजी, ५१व्या वर्षीच, अल्झायमर निवर्तले. काम थांबले नाही, कारण त्यांनी शिष्य घडवले होते.

सांगली-मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या विषयाकडेही वळावे, असे आम्हाला वाटते. आणि आजी-आजोबा तोच प्रश्न पुन्हा विचारतात म्हणून त्यांच्यावर चिडू नका; त्यांना डॉक्टरांकडे न्या.