बुरुड राजाचा कोट आणि पंडित भगवानलाल

बोरिवलीच्या पुढे विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरले की सोपारा गावालगत एक जुने टेकाड लागते. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. कुण्या बुरुड राजाचा तेथे किल्ला होता, अशी समजूत. तो किल्ला नव्हे, बौद्ध स्तूप आहे, हे सप्रमाण सिद्ध केले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी.

त्यांचा जन्म १८३९ चा, जुनागढचा. गिरनारचा शिलालेख घरापासून जवळच. प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हाती आला आणि या मुलाने तो लेख स्वतःच वाचायला घेतला. १८६१ मध्ये ते मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. १८७४ साली भाऊ दाजी वारले, तोवर त्यांच्यासाठी लेण्यालेण्यांतून हिंडून त्यांनी लेखांचे ठसे घेतले. इंग्रजी बेताचेच, लिहीत ते गुजरातीत, भाषांतर इतर विद्वान करीत. तरीही लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आपल्याकडे इंग्रजी कच्चे म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

१८८२ च्या एप्रिलमध्ये कोट खणला गेला. मध्यभागी दगडी पेटी निघाली. तिच्यात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि त्यांच्यामध्ये तांब्याचा करंडक. त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा करंडक! सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असे पंडितजींनी मानले. पेटीतच यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या, असे पुढच्या अभ्यासकांचे मत पडले. मग स्तूप पुन्हा उघडून मूर्ती मागाहून ठेवल्या असाव्यात, असा तर्क निघतो. भिक्षापात्राची गोष्ट श्रद्धेची. मातीच्या तुकड्यावर नाव थोडेच असते? पण अवशेषांवर ढीग रचून त्याला पूज्य मानण्याची रीत फार पुरातन आहे, आणि त्या ढिगाचा अर्थ लावायला तो उकरून आतली मांडणी पाहावी लागते, हे पंडितजी जाणून होते.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा गवसला. नवव्याचा तुकडा पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला.

सोपाऱ्यावरच्या प्रबंधात त्यांनी आपल्या उपनगरातली आकुर्लीजवळची पडण टेकडीही घेतली. तिथल्या काळ्या कातळावरची पावलांची चिन्हे आणि ब्राह्मी अक्षरे त्यांनी उतरवून घेतली. १८८८ च्या मार्चमध्ये ते मुंबईत वारले. सोपाऱ्याचे करंडक आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीकडे गेल्या.