गागोद्याचे विनोबाजी आणि त्यांची पायी वारी



माऊली ज्ञानोबाराय, जगद्गुरू तुकोबाराय यांच्या चरणी दंडवत घालून आम्ही हे चार शब्द लिहितो. आमचं शिक्षण चौथी. चरित्रं आम्ही वीणा गळ्यात घालून, उभ्याने सांगतो, बसून लिहायची सवय नाही. तरी दिंडीच्या शंभराव्या वर्षाच्या अंकात आपल्याच जिल्ह्यातल्या, पायी चालणाऱ्या माणसाची आठवण असावी असं वाटलं. आचार्य विनोबा भावे देशभर मोठे झाले, पण ते आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, हे आपल्यातल्या बऱ्याच तरुण टाळकऱ्यांना ठाऊक नसतं.

11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचा जन्म झाला. नाव विनायक. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. आजोबा शंभूराव, वडील नरहरपंत, आई रुक्मिणीबाई. गागोदं म्हणजे डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव, भाताची खाचरं आणि वर रान. घरचा फणस पिकला की आई आधी गरे गावात वाटायला लावी, मग घरातल्या पोरांना मिळत. आईचं पाठांतर मोठं होतं, संतांची पदं तोंडात खेळत असत. तिने एकदा देवाला लाख तांदूळ वाहायचं व्रत धरलं आणि एकेक दाणा मोजू लागली. वडील हिशेबी माणूस, ते म्हणाले की थोडे मोजून वजन करावं आणि तेवढ्या वजनाने लाख धरावेत. विन्याने आईची बाजू घेतली, की दाण्यागणिक देवाचं नाव निघतं, ते वजनात कसं निघणार? आपण तुळशीची माळ ओढतो तीही हाच हिशेब आहे.

वडील बडोद्याला नोकरीला, म्हणून पुढे कुटुंब तिकडे गेलं. शाळेत गणितात हुशार, पण मन दुसरीकडे. एके दिवशी शाळेचे दाखले, प्रमाणपत्रं आईच्या समोर चुलीत घातली. 1916 साली परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले ते सुरतेलाच उतरून काशीची गाडी धरली. त्याच वर्षी 7 जूनला अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात गांधीजींची भेट झाली, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या भेटीनं बांधलं गेलं.

आता ज्यासाठी आम्ही लेखणी धरली ते. 1917 मध्ये विनोबाजींनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. तब्येत सुधारायची होती, शिकायचंही होतं. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञ पाठशाळेत वेदान्त शिकले. ते झालं आणि मग महाराष्ट्र पायाखाली घातला. चारपाच जिल्हे, सुमारे 400 मैल. आळंदी ते पंढरपूर वाट आपली साधारण अडीचशे किलोमीटरची. म्हंजे अडीच वाऱ्या झाल्या, त्याही उभ्या डोंगरातून. राजगड, तोरणा, सिंहगड हे किल्ले पाहिले. रायगडच्या आधी महाराजांची राजधानी राजगडावर होती. सिंहगड म्हटला की आपल्या पोलादपूरच्या उमरठचे तानाजी मालुसरे आठवतात. पुस्तकात वाचलेला गड आणि धाप लागून, पाय सुजवून चढलेला गड यात फरक असतो, हे आपल्या दिंडीवाल्याला वेगळं सांगायला नको. वाटेत गावोगाव गीतेवर प्रवचनं केली, मुलांना ज्ञानेश्वरी शिकवली. आणि वर्ष भरलं त्याच दिवशी आश्रमाच्या दारात परत हजर! शब्द दिला म्हणजे दिला.

मधल्या काळाबद्दल आम्ही थोडक्यात सांगतो. वर्ध्याला आश्रम चालवला, तुरुंगवास भोगला. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिच्यासाठी मराठीत गीताई लिहिली, ती 1932 साली छापून आली. आई तोवर राहिली नव्हती. त्याच साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि ती साने गुरुजींनी बसून उतरून घेतली. सांगणारे आपल्या पेणचे, लिहिणारे दापोलीकडच्या पालगडचे. दोघेही कोकणचे, म्हणून आम्हाला त्याचं जास्त कौतुक.

1951 साली मार्चात विनोबाजी पवनारहून हैदराबादकडे संमेलनाला निघाले, तेही चालतच. संमेलन झाल्यावर तेलंगणात फिरताना 18 एप्रिलला पोचमपल्ली गावी हरिजन मंडळींनी पोट भरायला 80 एकर जमीन मागितली. विनोबाजींनी गावासमोर विषय काढला आणि रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून 100 एकर देतो म्हणाले. तिथून भूदान सुरू झालं.

जमीन देणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला विचारा. बांध वीतभर सरकला तर भाऊ भावाशी बोलत नाही, कोर्टाच्या पायऱ्या झिजतात. हा हाडकुळा म्हातारा दारात येऊन सांगे की तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. आणि लोक देत! पहाटे तीनला उठायचं, प्रार्थना करायची, कंदिलाच्या उजेडात चालू लागायचं, दहाबारा मैलांवर नवं गाव, सायंकाळी सभा. पोटाचा आजार म्हणून आहार बहुतेक दूधदह्याचा. बिहारात चांडिलला मलेरियाने मरता मरता वाचले. तेरा वर्षं हे चाललं. उन्हाळा, पावसाळा, डोंगर, जंगल, थेट कन्याकुमारीच्या समुद्रापर्यंत. आपण वर्षाला एक वारी करतो आणि पायाला तेल चोळत बसतो.

खरं ते लिहावं. पाच कोटी एकर मागायचे ठरले होते, चाळीस लाखांच्या वर मिळाले. त्यातही काही जमीन खडकाळ, आपल्या भाषेत वरकस, काही वादातली, आणि कितीतरी जमीन कागदावरच राहिली, भूमिहीनाच्या हाती गेलीच नाही. शहाणे लोक यावरून हसतात. आम्ही हसत नाही. वाटलेल्या जमिनीवर ज्यांची चूल पेटली, त्यांच्या घरी जाऊन हसून दाखवावं.

पण वारकऱ्याने विनोबाजींचं नाव घ्यायचं ते पंढरपूरसाठी. सप्टेंबर 1953 मध्ये वैद्यनाथधामला हरिजनांना घेऊन देवदर्शनाला गेले तेव्हा पंड्यांनी त्यांना मारलं. सोबत्यांनी लाठ्या अंगावर झेलल्या, तरी एक कान कायमचा गेला. मारणाऱ्यांना शिक्षा नको असं त्यांनीच सांगितलं. 1955 मध्ये जगन्नाथपुरीला सोबत फ्रेंच बाई होत्या, त्यांना मनाई झाली तर हेही दारातून मागे फिरले. केरळात गुरुवायूरलाही तेच, तिथे ख्रिस्ती सोबती होते.

मग 1958 साली मेअखेर पंढरीत सर्वोदय संमेलन भरलं. आधी बोभाटा झाला की विनोबा जबरदस्तीने देवळात घुसणार. हरिजनांना दार 1947 साली साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणाने उघडलं होतं, आता प्रश्न परधर्मीयांचा. आपल्या दिंडीतल्या जुन्या माळकऱ्यांतही तेव्हा दोन तट पडले होते असं आमचे वडील सांगत. एक म्हणे देव बाटेल. दुसरा म्हणे, चोखोबांना बाहेर ठेवून आपण काय कमावलं, त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेरच आहे ना? विनोबाजींनी स्पष्ट केलं की बोलावल्याशिवाय येणार नाही आणि सोबत्यांना सोडूनही येणार नाही. शेवटी मंदिराच्या मंडळींनी येऊन लेखी आमंत्रण दिलं. मुसलमान भगिनी आणि ख्रिस्ती जर्मन भगिनी बरोबर होत्या. सगळे मिळून गाभाऱ्यात गेले, विठोबाच्या पायांना लागले, आणि विनोबाजींच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. वेद, कुराण, बायबल वाचलेला, अनेक भाषा जाणणारा माणूस विटेवरच्या काळ्या दगडासमोर लेकरासारखा रडला. कीर्तनात इथपर्यंत आलो की आमचाही गळा दाटतो, पुढचं सांगायला वेळ लागतो. देव तर काही बाटला नाही. दर आषाढीला तसाच उभा असतो.

पुढेही चालणं थांबलं नाही. 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. 1962 साली पूर्व पाकिस्तानातून चालत गेले, तिथेही जमीन मिळाली. एप्रिल 1964 मध्ये पवनारला परतले. आणीबाणीच्या काळात त्यांच्यावर टीका झाली, जवळची माणसंही दुरावली. तो वाद राजकारणी लोकांनी चालवावा.

नोव्हेंबर 1982 मध्ये आजार वाढला तेव्हा त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं. वय 87. डॉक्टरांनी विनवलं, इंदिराबाई येऊन गेल्या, ऐकलं नाही. 15 नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारच्या आश्रमात प्राण गेला. ज्या धाम नदीच्या काठी आश्रम, तिच्याच काठी अग्नी दिला.