जन्म आणि कर्तृत्व

मनुष्याची योग्यता कुळावरून ठरविणारांनीं फ्रेंच सेनापति थॉमस-अलेक्झांडर ड्यूमा यांचें चरित्र अवश्य पाहावें. आज जेथें हैती देश आहे, त्या फ्रेंच वसाहतींत १७६२ सालीं एका उमरावापासून गुलाम स्त्रीच्या पोटीं त्यांचा जन्म झाला. १७८६ सालीं आईचें नांव लावून ते फौजेंत साधे शिपाई म्हणून शिरले. कुलीनांपुरत्या राखलेल्या जागा राज्यक्रांतीनें सर्वांस खुल्या केल्या, आणि १७९३ सालीं हाच शिपाई सेनापति झाला. पुढील वर्षीं आल्प्स पर्वतांतील मों-सनी घाट त्यांनीं सर केला. १७९८ च्या मिसर देशावरील मोहिमेंत ते घोडदळाचे अधिपति होते; परंतु तेथें नेपोलियनशीं त्यांचा बेबनाव झाला. परततांना ते दक्षिण इटलींत पकडले गेले व दोन वर्षें कैदेंत खितपत पडले.

सुटून आले तों काळ पालटला होता. १८०२ सालीं नेपोलियननें वसाहतींत गुलामगिरी पुन्हां कायदेशीर ठरविली. ड्यूमांस थकलेला पगार मिळाला नाहीं. १८०६ सालीं ते विपन्नावस्थेंत वारले. त्यांचा बालपणींच पितृहीन झालेला मुलगा पुढें विख्यात कादंबरीकार झाला.

ड्यूमांचा पराक्रम कमी झाला नव्हता. राज्यकर्त्यांची दृष्टि फिरली होती. मिळालेली समता जागरूकपणें राखली नाहीं तर ती जावयास वेळ लागत नाहीं, हें सुज्ञांनीं ध्यानीं धरावें.