विल्यम मॉरिस : जाणत्या हातांचा कैवारी

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी इमारतीवर दरवर्षी घसारा काढतो. वय वाढले की पुस्तकी किंमत घटते. विल्यम मॉरिस यांनी नेमका उलट हिशेब मांडला. म्हणून त्यांचे चरित्र मला मोलाचे वाटते.

मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो येथे एका सधन घरात झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून १८५६ मध्ये ते एका वास्तुविशारदाच्या कचेरीत उमेदवारीला लागले. ती त्यांनी लवकरच सोडली. पण तेथे फिलिप वेब हा जन्माचा मित्र लाभला. १८६१ मध्ये मित्रांसह त्यांनी गृहसजावटीची पेढी काढली. पुढे पेढीचे मालक असूनही रंगाच्या पिंपात हात बुडवून ते कापड रंगवायला शिकले.

त्या काळी इंग्लंडात जुन्या चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगड खरवडले जात, मधल्या शतकांचे काम पाडले जाई. हे पाहून १८७७ मध्ये मॉरिस आणि वेब यांनी प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापली. वेळच्या वेळी साधी डागडुजी करावी, ही तिची शिकवण. १८९६ मध्ये मॉरिस निवर्तले.

डागडुजीला जाणते हात लागतात. म्हणून १९८० च्या दशकात याच संस्थेने मॉरिस यांच्या नावाने गवंडी, सुतार, लोहार अशा कारागिरांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. देशभर हिंडून त्यांनी जुन्या इमारतींवरचे काम शिकावे, हा तिचा हेतू.

पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला थोर वाटते. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती उभी आहे. तिचे दगड घडवणाऱ्यांची विद्या पुढच्या पिढीला कोण शिकवणार, याचा विचार आपण पदवीधरांनीही करायला हवा.