सिंघण राजा आणि पाटणचा मठ

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे ठिकाण आहे. तेथे पाटणादेवीचे जुने देऊळ आहे. तुमच्यापैकी काही जण शाळेच्या सहलीला तेथे गेले असतील. आठशे वर्षांपूर्वी या पाटणमध्ये एक मठ होता. तेथे देवपूजा नव्हे, तर गणित आणि ज्योतिष शिकवले जाई. तो ज्या राजाच्या काळात सुरू झाला, त्याचे नाव सिंघण.

सिंघण हा देवगिरीच्या यादव घराण्यातील राजा. देवगिरी म्हणजेच दौलताबादचा किल्ला. सिंघणाचे आजोबा भिल्लम यांनी तेथे राजधानी वसवली. वडिलांचे नाव जैतुगी. त्यांच्यानंतर सिंघण गादीवर आला आणि सुमारे १२४६ पर्यंत त्याने राज्य केले.

सिंघण पराक्रमी होता. पन्हाळ्याच्या भोज राजाचा त्याने पराभव केला. नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत त्याची सत्ता पसरली. गुजरातवर त्याने अनेकदा स्वाऱ्या केल्या. खोलेश्वर हा त्याचा शूर सेनापती. अशाच एका लढाईत खोलेश्वराचा तरुण मुलगा राम मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने १२४० मध्ये अंबाजोगाईला भावाच्या आठवणीसाठी मंदिर बांधले. विजयाची किंमत घराघराला द्यावी लागते, हे यावरून कळते.

सिंघणाला विद्येची आवड होती. संगीतावर मोठा ग्रंथ लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्या दरबारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून आले होते. चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. तो थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ मुलांना शिकवावेत, म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला.

मठाचा खर्च कसा चालत असे? पाटणला सापडलेल्या शिलालेखात याचे उत्तर आहे. तेथील मांडलिक सोइदेव याने १२०७ मध्ये मठाला देणगी दिली. बाजारात येणाऱ्या मालावरील कराचा काही भाग मठाला मिळे. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे ठरावीक तेल मठाला द्यावे लागे. म्हणजे राजाश्रय होताच, पण व्यापारी आणि तेली यांच्या कष्टावरही तेथील दिवे जळत होते. या शिलालेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे.

पुढे यादवांचे राज्य गेले. पाटणचा मठही राहिला नाही. पण भास्कराचार्यांचे गणित मात्र टिकले. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये त्यांच्या 'लीलावती' ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला. संस्कृतमधील विद्या अशी फारसी वाचणाऱ्यांच्या हाती आली.

सिंघणाने जिंकलेले किल्ले पुढे दुसऱ्यांचे झाले. त्याच्या काळात शिकवलेली विद्या मात्र सर्वांची झाली. तलवारीने मिळवलेले हातचे जाते. विद्या वाटल्याने वाढते.

शब्दार्थ
मांडलिक – मोठ्या राजाच्या सत्तेखालचा लहान राजा
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
घाणा – बियांपासून तेल काढण्याचे साधन
राजाश्रय – राजाने दिलेला आधार

स्वाध्याय
१. पाटणच्या मठात काय शिकवले जाई?
२. मठाचा खर्च कोणकोणत्या मार्गांनी चाले?
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती पाच वाक्यांत लिहा.